एका दमात

डोक्यावरच्या कर्ण्यातून तिचाच आवाज आला आणि तिने सवयीने श्वास रोखून धरला. बसस्थानकाच्या चौकशीच्या खिडकीत बसल्या बसल्या, हातात पेन्सिल, टोक अर्धवट काढलेलं. "फलाट चार. दगडी पूल, भट्टी, कापूस बाजार, मिठागर, तिठा, छावणी, बंदर." सात थांबे ओलांडून आवाज पलीकडे गेला आणि वाटेत कुठेही टेकला नाही. ती मात्र तो टेकायची वाट बघत राहिली. कापूस बाजारापाशी टेकेल, नाहीतर मिठागरापाशी, निदान तिठ्यानंतर तरी. तो काही टेकला नाही. वरती आवाज संपून पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला तरी खाली तिचा श्वास रोखलेलाच होता, आणि सोडला तेव्हा डोळ्यांपुढे काजवे चमकले, पेन्सिल हातातून निसटून टेबलाखाली गेली. खिडकीपुढच्या माणसाने वाकून विचारलं, "काय झालं, ताई?" ती म्हणाली, "काही नाही, टोक मोडलं." मग त्याला दोन चाळीसची गाडी कुठून सुटते ते सांगितलं, आणि ते सांगतानाही मधे एकदा थांबली.

आता स्वतःच्याच आवाजाला दचकावं असं त्यात काय होतं? एकोणीस वर्षं हाच आवाज तिने त्या कर्ण्यात ओतला होता. पण तेव्हा ती वर असायची, फलाट चारच्या टोकाशी असलेल्या लोखंडी जिन्यावरच्या खोलीत, माईकच्या अलीकडे. आणि तिथून माणसाला आपला आवाज बाहेर कसा जातो ते कधी कळत नाही. आज दुपारी बारापासून यंत्र बोलू लागलं होतं आणि तिला खाली खिडकीत आणून बसवलं होतं. बढतीच ती, असं स्थानकप्रमुख म्हणाले. जिने चढायला नकोत, घसा ताणायला नको, राणीसारखं बसा. रेकॉर्डिंग तीन दिवस चाललं होतं. भिंतींना गालिचे लावलेली खोली, समोर काच, काचेपलीकडे रेकॉर्डिंगवाला. पोरगेलासा, कानावर डबे, बोलायला गोड. ती दोन शब्द बोलून थांबे, चार शब्द बोलून थांबे, आणि मग शरमून काचेकडे बघे. तो म्हणे, "तुम्ही खुशाल घ्या श्वास, मॅडम. मी नंतर काढून टाकतो." शेवटच्या दिवशी त्याने तिला आत बोलावून पडद्यावर दाखवलंही. तिचा आवाज म्हणजे हिरव्या रेघांची उंच-सखल झुडपं, आणि झुडपांच्या मधे करड्या रंगाचे बारीक गोळे. "हा बघा कचरा," तो म्हणाला, आणि केसांतून उवा काढाव्यात तसे त्याने ते गोळे एकेक करून टिपले. झुडपं सरकून एकमेकांना चिकटली. त्याने बटण दाबून ऐकवलं तेव्हा तिला आनंदच झाला होता, खोटं कशाला बोला. आजाराच्या आधीची ती बोलतेय असं वाटलं. आणि आज खिडकीत बसून तेच ऐकताना नकोसं होत होतं. जिचे श्वास काढून टाकलेत अशी बाई दिवसभर डोक्यावर बोलणार, आणि आपण खाली बसून तिच्या वाटचा श्वास घेत राहणार, असलं काहीतरी मनात येत होतं, आणि मनातलं कुणाला सांगावं तर लोक म्हणतील, बाईला खिडकी मानवली नाही.

तिला हे काम थोरल्या बाईंनी शिकवलं होतं. थोरल्या बाई तिच्या आधी तीस वर्षं त्या खोलीत होत्या, जाड भिंगांचा चष्मा, आवाज असा की झोपलेला हमाल उठून बसावा. पहिल्याच दिवशी त्यांनी तिला फलाटाच्या पार टोकाला नेऊन उभं केलं, स्वतः वर जाऊन घोषणा केली, खाली आल्या आणि म्हणाल्या, "काय ऐकलंस?" तिला धड एक शब्द कळला नव्हता. वर पत्र्याचं छप्पर, खाली गाड्यांची घरघर, शब्दाचा पार भुगा व्हायचा. बाई म्हणाल्या, "अगं, माणसं शब्द ऐकतच नाहीत. चाल ऐकतात." ती चाल बाईंनीच बसवली होती आणि ती कुठल्याही नियमात लिहिलेली नव्हती. गाडी सरळ बंदरापर्यंत जाणार असेल तर सातही थांबे एका दमात. गाडी तिठ्यापर्यंतच असेल तर पाच थांबे एका दमात, मग एक लांब विसावा, आणि मग उरलेले दोन. विसावा आला की नेहमीच्या माणसांनी समजायचं, तिठ्याला उतरायचं, रस्ता ओलांडायचा, उघड्या चौकात तासभर मागच्या गाडीची वाट बघायची. म्हातारे, ओझेवाले, लेकुरवाळ्या असली गाडी सोडून द्यायचे आणि सरळ गाडीसाठी बाकावर बसून राहायचे. बाई निवृत्त झाल्या त्या दिवशी म्हणाल्या होत्या, "आवाज गेला तर लिमलेटची गोळी चघळ. दम तेवढा सांभाळ, पोरी." तेव्हा ती हसली होती, कारण तेव्हा दमाचा तोटा नव्हता.

दम गेला तो पुढे, अकराव्या वर्षी. आधी नुसता खोकला, मग संध्याकाळचा ताप, मग एक दिवस रुमालावर लाल ठिपका. नवरा चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचा, बारीक कामाचा माणूस, त्याने तो ठिपका तिच्या आधी बघितला. क्षयाचं नाव डॉक्टरांनी घेतलं तेव्हा तो खुर्चीत नुसता बसून राहिला. त्याचे वडील याच आजाराने गेले होते, तो नऊ वर्षांचा असताना. त्याबद्दल याहून जास्त तो कधी बोलला नव्हता. ऑफिसात तिने कावीळ झाल्याचं कळवलं. त्यावर अख्ख्या स्थानकाने पथ्यं सांगितली, कुणी उसाचा रस, कुणी मुळ्याचा पाला, आणि ती सगळ्यांना हो हो म्हणाली. सहा महिने नवऱ्याने गोळ्या स्वतःच्या हाताने दिल्या, कॅलेंडरवर रोज एक फुली, एक दिवस चुकला नाही. शेवटची फुली मारली त्या दिवशी त्याने कॅलेंडर भिंतीवरून उतरवून बंबात घातलं, घर फिनेलने धुतलं, नवे पडदे लावले, आणि उपचार पूर्ण झाल्याचा दाखला प्लॅस्टिकमधे घालून कपाटात तळाशी ठेवला. "संपलं," तो म्हणाला. "आता या घरात त्याचं नाव काढायचं नाही." बोलताना त्याचे डोळे भरून आले होते. मग तिने नाव काढलं नाही. जंतू गेले होते हे खरंच होतं, सगळ्या तपासण्या तेच सांगत होत्या. फक्त जिना चढताना छातीत डावीकडे कुणीतरी दार आतून लावून घेतल्यासारखं व्हायचं, सकाळी उठल्यावर वाटीभर बेडका पडायचा, आणि दर थंडीत तापाचं एखादं आवर्तन यायचं. नवरा म्हणायचा, "धूळ फार झालीय हल्ली." तीही म्हणायची, "हो, धूळ."

एकदा, दोन वर्षांपूर्वी, नवऱ्याला न सांगता ती छातीच्या दवाखान्यात गेली होती. डॉक्टर बाई तरुण होत्या, घाईत नव्हत्या. त्यांनी तिच्या छातीचा फोटो उजेडावर धरला आणि वरच्या कोपऱ्यातला आकसलेला भाग बोटाने दाखवला. म्हणाल्या, "भाडेकरू गेलाय, पण जाताना भिंतीला खिळे तसेच ठेवून गेलाय. आजार परत आलेला नाही. पण भिंत आता सांभाळायला लागेल, कायमची." दर तीन महिन्यांनी यायचं, नळीत फुंकून दाखवायचं, सहा मिनिटं लांब वऱ्हांड्यात चालायचं, ओढायचं औषध रोज, कूस बदलून बेडका काढायची रीत, नाकाने श्वास घेऊन ओठांचा चंबू करून हळूहळू सोडायचा सराव. एक कार्ड दिलं, पुढची तारीख घातलेलं, वर 'फक्त मंगळवारी' असा शिक्का. बाहेर वऱ्हांड्यात जमिनीवर आखलेल्या रेघेवरून एक गृहस्थ चालत होते आणि नर्स घड्याळ धरून उभी होती. दर वीस पावलांना ते भिंतीला हात लावून थांबत. त्यांनी तिच्याकडे बघून मान हलवली, ओळखीच्या माणसाकडे बघून हलवावी तशी, आणि ती मान तिला सोसली नाही. कायमची म्हणजे काय? सहा महिने फुल्या मारून जे संपवलं ते संपलेलंच नाही, हे घरी जाऊन कुठल्या तोंडाने सांगायचं? कार्ड तिने आठ घड्या घालून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवलं आणि पुन्हा तिकडे फिरकली नाही.

तेव्हापासून पर्सच कामाला आली. घर तिसऱ्या मजल्यावर. प्रत्येक मजल्याच्या वळणावर ती थांबायची, पर्स उघडायची आणि आत हात घालून खडखडवत राहायची, दार आतून उघडेपर्यंत. छातीतलं दार, म्हणजे. वरून नवऱ्याची हाक यायची, "किल्ली सापडली का गं?" ती म्हणायची, "सापडली." तो घरात असताना हिला किल्ली कशाला लागते, असा प्रश्न कुणालाही पडला असता. एकदा त्याने विचारलंही हसत हसत, आणि ती म्हणाली, "सवय." झाकली मूठ सव्वा लाखाची. स्थानकावर ती पाऊण तास आधी यायची, बावीस लोखंडी पायऱ्या चार टप्प्यांत चढायची आणि डबा, पाणी, सगळं घेऊन एकदा वर गेली की संध्याकाळपर्यंत खाली उतरायची नाही. वर फळीच्या आडोशापलीकडे वायरमन बसायचा, आवाज मोठा-बारीक करायच्या यंत्रापाशी. पन्नाशीचा, अबोल, दिवसभर काहीतरी खोलून बसलेला. त्याने तिला इतकी वर्षं कधी काही विचारलं नाही आणि तिला वाटायचं, फळीमुळे त्याला काही कळत नसेल.

आणि चार महिन्यांपूर्वीचा तो दिवस. तो आठवायचा नाही असं ती रोज ठरवायची आणि रोज तोच आठवायचा. पाच चाळीसची गाडी, बंदराला जाणारी दिवसातली शेवटची सरळ गाडी. सकाळपासून छातीत शिट्टी वाजत होती. तिने सुरुवात केली, दगडी पूल, भट्टी, कापूस बाजार, मिठागर, तिठा, आणि दम संपला. नुसता कमी पडला नाही, संपला. तोंड उघडं राहिलं आणि आत काही जाईना. केवढा वेळ गेला कोण जाणे, मग तिने छावणी, बंदर म्हटलं. पुन्हा म्हणायचं बळ नव्हतं, माईक बंद केला. बंदराची अकरा माणसं बाकावरून उठलीच नाहीत. त्यांनी विसावा ऐकला होता. तिठ्याची गाडी आहे, सरळ गाडी मागून येईल, म्हणून ती निवांत बसून राहिली आणि सरळ गाडी त्यांच्या नाकासमोरून रिकामी निघून गेली. त्यांत जाळी विणणारे आजोबा होते, म्हातारीची औषधं घेऊन निघालेले. अकराही जण स्थानकप्रमुखांच्या खोलीत उभे राहिले. आजोबा म्हणाले, "बाई थांबल्या होत्या." तिला बोलावलं. खरं कारण पुढे आलं तर खात्याच्या डॉक्टरकडे तपासणी, मग काविळीचं खोटं उघडं पडणार, मग घरी कळणार. हे सगळं तिच्या डोक्यात एका क्षणात उभं राहिलं. ती म्हणाली, "मी थांबले नव्हते, साहेब. वायर चार दिवस खरखरतेय. आवाज मधेच तुटतो." वायरमन दारात पक्कड घेऊन उभा होता. त्याने तिच्याकडे बघितलं, मग पकडीकडे, आणि म्हणाला, "बघतो, साहेब." त्याच्या सेवापुस्तकात लाल शाईने ठपका आला. छपरावरच्या सगळ्या वायरी त्याने तीन आठवडे भर उन्हात एकट्याने बदलल्या, चांगल्या वायरी काढून नव्या घातल्या, आणि त्या तीन आठवड्यांत ती फळीच्या अलीकडे बसून डोक्यावरच्या पत्र्यावर त्याची पावलं ऐकत होती. खाई त्याला खवखवे म्हणतात. हिला खवखवायलाही पुरेसा श्वास नव्हता. त्यानंतरच वरून हुकूम आला की आता यंत्र बसवा.

पाचला पाच कमी असताना ती घड्याळाकडे बघायला लागली. का, ते तिला कळत नव्हतं. खिडकीत गर्दी नव्हती. तिने मोडलेल्या पेन्सिलीला पुन्हा टोक काढलं, तेही मोडलं. फलाट चारवर नेहमीची मंडळी जमत होती. आजोबा आज सुताची दोन मोठी भेंडोळी घेऊन आले होते. एक बाई पाय प्लास्टरमधे घालून, कुबड्या टेकून, सोबत सुनेला घेऊन बाकावर बसली होती. पाच दहाची गाडी येऊन लागली, तिठ्याची. बाकावरचं कुणी हललं नाही, म्हणजे बरोबर. आणि मग वरून ती बोलली. "फलाट चार. दगडी पूल, भट्टी, कापूस बाजार, मिठागर, तिठा, छावणी, बंदर," आणि मग पत्र्याखाली भुगा झालेलं काहीतरी. पहिल्यांदा ऐकताना तिला फक्त तेच जुनं गुदमरणं जाणवलं. दुसऱ्यांदा ऐकताना तिला कळलं. विसावा नव्हता. तो गालिच्याच्या खोलीत तिने नीट, मुद्दाम, मोजून घेतला होता, थोरल्या बाईंनी शिकवला तसा. रेकॉर्डिंगवाल्याला काय माहीत, त्याला तोही गोळाच दिसला असणार. सगळा कचरा काढता काढता त्याने तोही काढला, आणि आपण शेजारी बसून आपला नवा दम ऐकण्यात इतके गुंग होतो की आपल्याला दिसलं नाही. बाकावरची माणसं उठली होती. सून म्हातारीच्या काखेत हात घालून तिला उभी करत होती.

खिडकी तशीच उघडी टाकून ती निघाली. चाळीस पावलांचं अंतर, ते ती धावली. कितीतरी वर्षांनी धावली. गाडीशी पोचली तेव्हा ड्रायव्हर इंजिन सुरू करून बसला होता, कंडक्टर वहीवर शिक्का मारून घ्यायला गेला होता, आणि आजोबा एक भेंडोळं आत ढकलून दुसऱ्याला हात घालत होते. तिने त्यांची बाही धरली. "ही," ती म्हणाली. "ही नाही." पुढचं येईना. छातीत शिट्टी, डोळ्यांत पाणी. आजोबा गोंधळले. "काय नाही, ताई?" तेवढ्यात कर्ण्यातून तिसऱ्यांदा तोच आवाज, गुळगुळीत, ठणठणीत, सात थांबे एका दमात. आजोबांनी वर बोट दाखवलं आणि समजूत घालावी तसं म्हणाले, "तुम्हीच तर सांगताय सरळ जाते म्हणून. एका दमात सांगताय. बरं वाटलं बघा ऐकून." आणि ते पायरी चढले. तिने मान हलवली, हातवारे केले. कुबड्यावाल्या बाईच्या सुनेने तिच्याकडे बघितलं आणि सासूला जरा बाजूने नेलं. वर ती बोलत होती तोवर खाली हिचं कोण ऐकणार?

जिना समोरच होता. बावीस पायऱ्या. पर्स खिडकीत राहिली होती. पाचव्या पायरीवर दार आतून लागलं. ती कठड्याला धरून उभी राहिली, हात पर्सच्या जागी गेला आणि रिकामा परत आला. खाली हमाल बघत होते, रिक्षावाले बघत होते, चहावाला किटली हातात धरून बघत होता. काही शोधायचं नव्हतं, काही पडलं नव्हतं. बाई नुसती उभी होती, तोंड उघडं टाकून, खांदे वरखाली होत, भर फलाटावर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. आता लाज कशाला, असं एक मन म्हणालं, आणि दुसऱ्या मनाला उत्तर द्यायला वेळ नव्हता. डॉक्टर बाईंनी दोन वर्षांपूर्वी सांगितलेलं तिला आठवलं, चंबू. नाकाने घेतला, ओठ आवळून सोडला. गरम चहावर घालतात तशी फुंकर. दहा पायऱ्या. परत. सतरा. परत. बाविसाव्या पायरीवर तिने दार ढकललं तेव्हा वायरमन खुर्चीतून उठलेलाच होता. त्याने जिन्यावरची पावलं ऐकली होती.

"माईक," ती म्हणाली.

त्याने विचारलं नाही कशाला. यंत्राचा खटका खाली पाडला, माईकवरचं फडकं काढलं, खुर्ची तिच्या मागे सरकवली आणि फळीपलीकडे न जाता तिथेच, माईकशेजारी बसवलेल्या नव्या यंत्रापाशी, तिच्या शेजारी उभा राहिला. "लाईन अजून काढलेली नाही," तो म्हणाला. लाल दिवा लागला. तिने माईककडे तोंड नेलं आणि शब्दाच्या आधी श्वासच आला, ओला, खरखरणारा, शिट्टी वाजवणारा. त्याच क्षणी वायरमनचा हात यंत्रावरच्या आवाजाच्या गोल बटणावर गेला आणि बटण डावीकडे फिरलं. इतकं सहज, इतकं सरावाने, की तिने चमकून वर बघितलं. तो चोरी पकडल्यासारखा उभा होता. हळू आवाजात म्हणाला, "रोज करायचो. तुम्ही श्वास घेतला की बारीक, बोलायला लागलात की मोठा. लोकांना ऐकू जाऊ नये म्हणून. त्या दिवशी मला आवाज मोठा करायला उशीर झाला. चूक माझी होती, ताई. वायरीचं तुम्ही उगाच सांभाळून घेतलंत."

म्हणजे हा माणूस चार महिने असं समजून छपरावर तापला होता. ती त्याच्या पाठीवर ओझं देऊन लपून बसली होती, आणि त्याला वाटत होतं की तिने त्याला पाठीशी घातलं. तिला रडू आलं, पण रडायलाही दम लागतो. खिडकीतून खाली गाडी दिसत होती. कंडक्टर वही काखेत मारून परत येत होता. तिने वायरमनच्या हातावर आपला हात ठेवला, बटण उजवीकडे फिरवलं, होतं तिथे, आणि तिथून थोडं पुढे. "राहू द्या," ती म्हणाली. "ऐकू दे."

मग सगळ्या स्थानकाने ऐकलं. आधी एक लांब श्वास, पत्र्याला घासत गेलेला. "ही गाडी." श्वास. "तिठ्यापर्यंतच." श्वास. बाकावर पेपर वाचणाऱ्यांनी माना वर केल्या. हमाल उभे राहिले. "छावणी, बंदर." पुन्हा श्वास, शिट्टी मोठी झाली, खोकल्याची उबळ आली, तीही तिने माईकसमोरच खोकून टाकली. "उतरा. तुमची गाडी. पाच चाळीसला." शब्द थोडे होते आणि मधली जागा फार होती, आणि पत्र्याखाली पहिल्यांदाच प्रत्येक शब्द सुटा सुटा पोचला. गाडीच्या दारात आजोबा दिसले. त्यांनी आधी कर्ण्याकडे बघितलं, मग जिन्यावरच्या खिडकीकडे, आणि आत वळून कुणाला तरी हाक मारली. भेंडोळी खाली आली. प्लास्टरवाली बाई सुनेच्या आधाराने उतरली. वर खोलीत ती किती उतरले ते मोजत बसली नाही. खुर्चीच्या पाठीला टेकून ओठांचा चंबू करून बसली.

स्थानकप्रमुख जिना चढून आले तेव्हा तेही धापा टाकत होते, पण ते वजनाने. "हे काय चाललंय? यंत्र कुणी बंद केलं? काय असला आवाज, लोक विचारतायत कोण गेलं म्हणून." वायरमन तोंड उघडणार तेवढ्यात तिने हात वर केला. बसूनच बोलली, थांबत थांबत, आणि साहेबांना थांबावं लागलं. यंत्रातला विसावा कसा कापला गेला ते सांगितलं. मग म्हणाली, "आणि त्या दिवशीही वायर बरी होती, साहेब. दम माझा संपला होता. मी खोटं बोलले. मला क्षय झाला होता. कावीळ नव्हती. तो बरा झाला, छाती झाली नाही. यांचा ठपका काढा. जे लिहायचं ते माझ्या नावावर लिहा." साहेब तिच्याकडे आणि वायरमनकडे आळीपाळीने बघत राहिले. शेवटी म्हणाले, "लेखी द्यावं लागेल." ती म्हणाली, "देते. आणि मंगळवारी सुट्टी हवीय. छातीच्या दवाखान्यात. दर तीन महिन्यांनी लागेल, कायमची." तो शब्द तोंडातून बाहेर पडला आणि ऐकायला तेवढा मोठा वाटला नाही. साहेब म्हणाले, "रेकॉर्डिंगवाल्याला उद्या बोलावतो. कुठे थांबायचं ते तुम्हीच शेजारी बसून सांगा त्याला." पाच चाळीसची घोषणा यंत्रानेच केली. सातही थांबे, एका दमात. ही घोषणा मात्र बरोबर होती. ती खिडकीतून बघत होती. आजोबांनी चढताना मागे वळून वर हात केला.

घरी पोचली तेव्हा दिवेलागण झाली होती. जिन्यात अजून उजेड होता. पहिल्या मजल्याच्या वळणावर ती थांबली. पर्स खांद्याला होती, तिने ती उघडली नाही. स्थानकावर बोलणं सोपं होतं असं आता वाटायला लागलं. तिथे जास्तीत जास्त नोकरी गेली असती. इथे त्या माणसाने फिनेलने धुतलेलं घर होतं. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर छाती पार आवळली आणि ती भिंतीला हात लावून उभी राहिली, वऱ्हांड्यातले ते गृहस्थ उभे राहायचे तशी. खडखड ऐकू आली नाही म्हणून की काय, वरून हाक आलीच.

"किल्ली सापडत नाहीये का गं?"

तिने श्वास घेतला. "शोधतच नाहीये," ती म्हणाली. "अहो, दम लागलाय मला. रोजच लागतो."

 वर दार पुरतं उघडल्याचा आवाज आला, मग सपातांचा. तो एकेक पायरी उतरत आला, चष्मा कपाळावर, हातात अजून भिंग पुसायचं फडकं. तिला वाटलं आता तो धूळ म्हणेल. तिने आतल्या कप्प्यातून कार्ड काढून त्याच्यापुढे धरलं. त्याने आठही घड्या उलगडल्या, चष्मा खाली ओढून मंगळवारचा शिक्का आणि तारीख वाचली, दोन वर्षांपूर्वीची, आणि पुन्हा वाचली. मग तो पायरीवर बसला आणि तिला हाताला धरून शेजारी बसवलं.

"आमचे बाबा," तो म्हणाला, आणि थांबला, आणि त्याला दमाचा काही त्रास नव्हता. "आमचे बाबा प्रत्येक मजल्यावर बुटाची नाडी बांधायचे. मी वरून विचारायचो, बाबा, नाडी सुटली का? ते म्हणायचे, सुटली रे." फडक्याने त्याने उगाचच कार्ड पुसलं. "मला वाटलं, नाही विचारलं तर तुझं तसं होणार नाही."

 बोलण्याइतका श्वास अजून जमला नव्हता, आणि तो जमेपर्यंत आता थांबता येणार होतं.

"किती वेळ लागतो?" त्याने विचारलं.

"पाच-सहा मिनिटं."

"मग बसू," तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, कार्ड नीट एकच घडी घालून खिशात ठेवताना, "मंगळवारी किती वाजता जायचं?"